मरीन टँकचा दिवा: दुकानात झळकणारे मासे घरी फिके का दिसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या घरात तीन फुटी मरीन टाकी आहे. प्रवाळ नाही, नुसते मासे: क्लाऊनची जोडी, एक कोरल ब्यूटी, एक फायर गोबी आणि दोन यलोटेल डॅमसेल. दुकानात हे मासे पेटल्यासारखे दिसत होते. घरी क्लाऊन विटकरी झाले आणि कोरल ब्यूटी म्हणजे नुसता जांभळट डाग. म्हणून तुम्ही आणखी एक निळा एलईडी चढवला, तर सगळं अजूनच मावळलं. आता दोन महागड्या दिव्यांपैकी कुठला घ्यावा असं विचारलंय, आणि जाता जाता, यलो टँग नावाचा पिवळा मासा आणू का, हेही.

त्या दोन्ही महागड्या दिव्यांचा विचार महिनाभर बाजूला ठेवा. मी वीसेक वर्षं मुंबईत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवतो आणि सांभाळतो. ‘मासे फिके पडलेत, दिवा बदलून द्या’ म्हणून ज्या घरांनी बोलावलं, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी दिवा बदलावा लागला नाही. तो पुढे सरकवला, त्यातला निळा उतरवला, पाणी निवळवलं आणि काम झालं. तुमच्याकडेही तेच होईल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

दादरला साडी घ्यायला गेलेली बाई दुकानातल्या दिव्यावर विसंबत नाही. पदर हातात धरून दाराशी जाते आणि बाहेरच्या उजेडात रंग पाहते. माझी आई तर दोन-दोन साड्या घेऊन फुटपाथवर उतरायची. उजेडातच जो रंग नाही, तो कापड कुठून दाखवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माशाचंही तसंच आहे. क्लाऊनच्या कातडीतल्या रंगपेशी निळा उजेड शोषून घेतात आणि नारिंगी परत फेकतात. तुमच्या दिव्यात 450 नॅनोमीटरच्या (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचं माप) आसपासचा निळाच भरलेला असेल, तर परत फेकायला काही उरत नाही. अशा दिव्याखाली नारिंगी मासा काळपट विटकरी दिसतो, पिवळा मासा हिरवट दिसतो. तुम्ही निळा वाढवलात आणि रंग गेले, ते यामुळे.

मग एवढे निळे दिवे विकतात कशाला? ते प्रवाळांसाठी बनवलेले आहेत. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला निळा उजेड चांगला मानवतो. शिवाय बऱ्याच प्रवाळांत असे रंगद्रव्य असतात जे निळा उजेड घेऊन हिरवा किंवा नारिंगी उजेड बाहेर टाकतात, म्हणजे स्वतः चमकतात. व्हिडिओत ज्या निळ्या टाक्या पाहून आपण हरखतो, त्यांत चमकत असतात ती प्रवाळं. मासे त्यांच्यामधून सावल्यांसारखे फिरत असतात, नीट पाहिलंत तर तुमच्याही लक्षात येईल. तुमच्या टाकीत चमकायला प्रवाळच नाही.

यावर एक शंका हमखास येते: समुद्र तर निळाच असतो, तिथे हे मासे सुंदर दिसतात ना? पाणी सगळ्यात आधी लाल उजेड शोषतं, त्यामागून नारिंगी, आणि निळा सगळ्यात खोल जातो. दहा-पंधरा मीटर खाली गेलेल्या माणसाला क्लाऊन आपण समजतो तसा नारिंगी दिसत नाही. फोटोत दिसतो तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशमुळे. आपल्याला घरी हवा आहे तो फोटोतला रंग, आणि त्यासाठी फ्लॅशसारखा पांढरा, भरलेला उजेडच लागतो.

दिवा तपासायला एक साधी गोष्ट करा. बाजारातून झेंडूचं नारिंगी फूल आणा, एक पिकलेला टोमॅटो घ्या, आणि दोन्ही दिव्याखाली, पाण्याच्या वर धरा. खोलीतले बाकीचे दिवे बंद. झेंडू नारिंगी आणि टोमॅटो लाल दिसला तर तुमचा क्लाऊनही तसाच दिसेल. झेंडू शेणासारखा तपकिरी दिसला तर दोष दिव्यात आहे, माशात नाही. हळद मात्र वापरू नका. बरेच जण देव्हाऱ्यातली हळद दिव्याखाली धरतात, ती निळ्यात लखलखते आणि त्यांना वाटतं पिवळा छान येतोय. हळद प्रवाळासारखीच निळा उजेड घेऊन हिरवट-पिवळा टाकते. झेंडू तसं करत नाही, म्हणून तो इथे खरा साक्षीदार.

आता दिव्याच्या खोक्यावरचे आकडे. केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा: 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे दुपारचा पांढरा, 14000 किंवा 20000 म्हणजे निळाईकडे झुकलेला. पण केल्विन सारखा असूनही दोन दिवे रंग वेगळे दाखवू शकतात, कारण साधा पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा चिप आणि त्यावर पिवळा लेप. त्यात गडद लाल कमी असतो. म्हणून सीआरआय पाहा, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो याचा 100 पैकी आकडा. 90 किंवा त्याहून जास्त हवा. मिळाला तर आर9 नावाचा आकडाही पाहा. सीआरआयची सरासरी आठ फिकट रंगांवर काढतात, त्यात गडद लाल येतच नाही. तो आर9 मध्ये वेगळा मोजतात. 90 सीआरआयचा दिवा असूनही आर9 कमी असला तर फायर गोबीच्या शेपटीकडचा लाल मातकट दिसतो.

तुमच्या टाकीसाठी मी काय लावेन ते सांगतो. तीन बाय दीड बाय दीड फूट म्हणजे साधारण 190 लिटर. एकूण 40 ते 50 वॅट पुष्कळ झाले. त्यातला निम्म्याहून जास्त भाग 6500 केल्विनचा, चांगल्या सीआरआयचा पांढरा. पाव भाग निळा, 450 ते 470 नॅनोमीटरचा. उरलेला 3000 केल्विनचा पिवळसर पांढरा. सुट्या लाल एलईडीपेक्षा मला हा पिवळसर पांढरा बरा वाटतो. लाल जरा वाढला की पांढरे पट्टे गुलाबी दिसतात आणि वाळूवर लाल ठिपके नाचायला लागतात. तुमच्या आत्ताच्या दिव्यात पांढऱ्याचा आणि निळ्याचा वेगळा कंट्रोल असेल तर निळा पंचवीस टक्क्यांवर आणा, पांढरा साठ-सत्तरवर न्या, दुसरा निळा दिवा काढून ठेवा. नवीन खर्चाची गरज पडली तर ती फक्त पांढऱ्याची एक पट्टी. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात चांगल्या सीआरआयच्या पट्ट्या आणि त्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) मिळतात, फक्त खोक्यावर लिहिलेलं वाचून घ्या आणि दुकानातच झेंडू धरून पाहा. मी तसंच करतो.

गुलाबी-जांभळट ट्यूबपासून लांब राहा. त्या अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न माशांच्या टाक्यांवर लाल उठवायला लावतात. तुमच्या डॅमसेलचा निळा त्यात मरतो.

दिव्याइतकीच महत्त्वाची आहे त्याची जागा, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही.

मासा उभा चपटा असतो. आपण सोफ्यावर बसून पाहतो ती त्याची कूस, आणि दिवा असतो त्याच्या डोक्यावर. वरून सरळ खाली पडणारा उजेड माशाची पाठ उजळतो, कूस अंधारातच राहते. निसर्गात माशाला हे सोयीचंच असतं. पुष्कळ माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, वरच्या उजेडात दोन्ही मिळून सपाट दिसतात आणि शत्रूला मासा सहज दिसत नाही. म्हणजे वरच्या मध्यावर किंवा मागच्या काचेजवळ दिवा ठेवून आपण माशाला लपायलाच मदत करतो. त्यातून दिवा मागे असला तर मासा आणि आपण यांच्यामध्ये त्याची स्वतःची सावली येते. तुमचा कोरल ब्यूटी जांभळा डाग दिसतो याचं निम्मं कारण हेच असणार, कारण त्याच्या अंगावरच्या नारिंगी रेघा कुशीवरच असतात.

दिवा पुढे घ्या. पुढच्या काचेपासून चार-पाच इंच आत, पाण्याच्या वर आठ ते दहा इंच, आणि तोंड थोडं मागच्या भिंतीकडे वळवलेलं, पंधरा-वीस अंश. मग उजेड तुमच्या बाजूने माशावर पडतो आणि कूस उजळते. दिव्याचा झगझगाट डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुढे दोन-तीन इंचांची काळी पट्टी लावा, अ‍ॅक्रिलिकची किंवा सनमायकाची. खात्री करून घ्यायची असेल तर संध्याकाळी टाकीचा दिवा मंद करून फोनचा टॉर्च आधी मागच्या काचेवरून आणि मग पुढच्या काचेवरून धरा. दोन मिनिटांत पटेल. रात्री मासे निजल्यावर मात्र हे करू नका. माशाला पापण्या नसतात, अंधारात अचानक उजेड पडला की तो घाबरून दगडावर आपटतो, आणि फायर गोबी तर सरळ टाकीबाहेर उडी मारतो. वर जाळी नसेल तर ती आधी बसवा.

पुढच्या उजेडाचा सगळ्यात जास्त फायदा निळ्या माशांना होतो. नारिंगी, पिवळा आणि लाल हे बहुतेक खरे रंगद्रव्य असतात, पण डॅमसेलचा निळा तसा नसतो. त्याच्या पेशींत ग्वानिनचे अतिशय पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि त्यांवरून परतताना निळा उजेड तेवढा जोर धरतो. म्हणून तो रंग कोनावर अवलंबून असतो, पैठणीतल्या धूपछाँवसारखा. पैठणीत ती दोन रंगांच्या धाग्यांची करामत असते, इथे स्फटिकांची, पण बघणाऱ्याचा अनुभव तोच: पदर जरा वळवला की रंग बदलतो. उजेड आणि तुमचा डोळा एकाच बाजूला असले की डॅमसेल विजेसारखा निळा दिसतो. उजेड मागे गेला की तोच मासा काळसर. खरा निळा रंगद्रव्य असलेले मासे फारच थोडे, मँडरीन हा त्यांतला एक. तो मात्र आणू नका. त्याला दिवसभर टिपायला जिवंत बारीक जीव लागतात, आणि नव्या टाकीत तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो.

पुढे दिवा घेतल्याचा एक तोटा आहे. पुढच्या काचेवर शेवाळ लवकर धरतं. चुंबकाच्या ब्रशने दोन-तीन दिवसांआड पुसावं लागेल. आणि दगडांची रचना मागे रेटून पुढे सहा-सात इंच मोकळी गल्ली ठेवावी लागेल, म्हणजे मासे उजेडात येऊन फिरतील.

मागची काच कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. समुद्राच्या चित्राचा चकचकीत कागद असेल तर काढा. काळा, चकाकी नसलेला विनाईल बाहेरून लावा. काळ्यावर नारिंगी जसा उठतो तसा कशावरच उठत नाही. वाळूबद्दल जरा बारकाईने सांगतो. पांढरीशुभ्र वाळू दिसायला छान, पण खालून इतका उजेड परत फेकते की बरेच मासे स्वतःचा रंग उतरवतात. पांढऱ्या तळावर फिकं होणं हा त्यांचा स्वभावच आहे, रंगपेशींमधले कण आकसून घेतात आणि अंग फिकं होतं. गडद तळावर तेच कण पसरतात. तुम्ही सगळी वाळू उपसावी असं म्हणत नाही, त्यात टाकी ढवळून निघेल आणि मासे जातील. पांढरीवर थोडी गव्हाळ, जाड कणांची वाळू धुऊन पसरा. तेवढ्यानेही फरक पडतो.

लहानपणी मी चर्नी रोडला उतरून मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचो. 1951 पासूनचं ते मत्स्यालय. आम्ही मुलं अंधाऱ्या वाटेने चालायचो आणि काचांमागे उजेड असायचा. घरी नेमकं उलट होतं: हॉलमध्ये ट्यूबलाइट, समोर टीव्ही, बाल्कनीचा उजेड थेट काचेवर, आणि आपण टाकीला दोष देतो. मासे पाहायचे तेव्हा हॉलचा मोठा दिवा बंद करा, मागे एखादा कोपऱ्यातला मंद दिवा असू दे. टाकी बाल्कनीच्या समोर असेल तर दुपारचा पडदा लावा. पुढच्या काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. दुकानात मासे पेटल्यासारखे दिसत होते ते बरंचसं यामुळेच. आत अंधार, टाकी उथळ आणि अरुंद, दिवा पाण्याच्या अगदी जवळ, आणि माशाला काचेपासून लांब जायला जागाच नाही.

पाण्याचं काय? पांढरा कागद टाकीच्या एका आखूड काचेला बाहेरून चिकटवा आणि दुसऱ्या आखूड काचेतून, टाकीच्या पूर्ण लांबीतून पाहा. कागद पिवळसर दिसला तर पाण्यात विरघळलेला सेंद्रिय मळ आहे. हा पिवळेपणा नेमका निळा उजेड खातो. लोक निळा वाढवतात, पाणी तो गिळतं, आणि चक्र चालू राहतं. चांगला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आरओच्या पाण्यात खळखळून धुवा, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये पाणी वाहतं तिथे ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. दोन-तीन दिवसांत कागद पांढरा दिसू लागेल. मी नवीन घरात गेलो की दिव्याला हात लावण्याआधी हेच करतो. झाकणाची काच असेल तर तीही पाहा, मिठाच्या थराने ती दुधी झालेली असते.

आता मुंबईची हवा. टाकीचं तापमान 25 ते 27 अंश राहायला हवं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 33 ला असते. दिव्याची उष्णता त्यात भर घालते. काही वर्षांपूर्वी गिरगावात एका चार फुटी टाकीवर मी 250 वॅटचा मेटल हॅलाइड, म्हणजे खूप तापणारा जुन्या धाटणीचा दिवा, लावला होता. उजेड अप्रतिम, पाण्यातून सूर्यकिरणांसारख्या रेघा हलायच्या. मे महिन्यात लग्नासाठी दोन दिवस गावी गेलो, खिडक्या बंद, पाणी थंड ठेवणारा चिलर नाही. परत आलो तेव्हा पाणी 33 अंशांवर होतं आणि फ्लेम एंजल मासा मेलेला होता. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासा गुदमरतो. ती चूक माझी होती. त्यानंतर मुंबईत चिलरशिवाय मेटल हॅलाइड मी कुणाला बसवून दिलेला नाही. एलईडीचीही उष्णता असते, पण ती वरच्या पंख्याकडून बाहेर जाते, म्हणून दिव्यावर कधी कापड किंवा पेटीचं झाकण टाकू नका.

पाण्यावर पंखा मारून थंड करायची युक्ती मे महिन्यात थोडीफार चालते. जून लागला की हवेत इतका दमटपणा असतो की बाष्पीभवनच होत नाही आणि पंखा नुसता आवाज करतो. पावसाळ्यात दिव्याचे स्क्रूही गंजतात, पंखे अडकतात, भिंगांवर मिठाचा पापुद्रा चढतो. पंधरा दिवसांनी प्लग काढून, दिवा थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि कोरडा करा. ड्रायव्हर टाकीखालच्या कपाटात नको, तिथे कायम खारी वाफ असते. भिंतीवर, वाऱ्याला टांगा. आणि हे कृपा करून टाळू नका: टाकीच्या बोर्डाला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोलातून खाली पडेल. खारं पाणी आणि 230 व्होल्ट यांच्यात माणूस येऊ नये.

वेळ. तुम्ही सकाळी आठला दिवा लावून रात्री अकराला बंद करता, म्हणजे पंधरा तास. शेवाळाला हेच हवं असतं. तुम्ही दोघंही रात्री आठनंतर घरी येता, मग सकाळी दिवा कुणासाठी? टायमर लावा: दुपारी दोनला नुसता मंद निळा, अडीचपासून हळूहळू पांढरा, साडेदहाला पांढरा उतरायला लागावा, अकराला सगळं बंद. नऊ तास झाले. सकाळचा खोलीतला उजेड माशांना पुरतो. 50 वॅट नऊ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, महिन्याला साडेतेरा. रात्री पूर्ण अंधार असू दे, निळा ‘चांदण्याचा’ दिवा माशांसाठी नाही, आपल्या हौसेसाठी असतो. आणि पांढरा एकदम सत्तरवर नेऊ नका. तीसपासून सुरू करून आठवड्याला पाच-पाच टक्क्यांनी चढवा. तुमचे मासे इतके दिवस निळ्या मिणमिण्यात राहिलेत. एकदम उजळलंत तर ते दगडांमागे जाऊन बसतील आणि तुम्हाला वाटेल माझं ऐकून बिघडलं.

रंग जसा उजेडाने दिसतो तसा तो माशात असावाही लागतो. पिवळा-नारिंगी-लाल यांतले बरेचसे रंगद्रव्य मासा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातून घेतो. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेला क्लाऊन काही महिन्यांत फिकट नारिंगी होतो. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना, बारीक चिरलेलं कोळंबीचं मांस आलटून पालटून द्या. आपल्या कोळणीकडे मिळणारा ताजा जवळाही चालतो, त्यात नारिंगी रंगाचा अ‍ॅस्टाझँथिन असतो. घरी आणून गोड्या पाण्यात दोनदा धुवा, पातळ थरात काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग चिमूटभर द्या. सुका जवळा नको, त्यात वाळू आणि मीठ असतं. कोरल ब्यूटी शेवाळ खाणारा आहे, त्याला मीठ-तेल न लावलेली नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला लावून द्या. फरक दिसायला दोन महिने लागतील. आणि डॅमसेल क्लाऊनला हाकलत असतील तर बघा. घाबरलेला मासा कुठल्याही दिव्याखाली फिकाच दिसतो.

प्रवाळ नाही म्हणून तुम्ही थोडे हळहळलेले वाटलात. हळहळू नका. आपल्याकडे प्रवाळं कायद्याने संरक्षित आहेत, समुद्रातून ती उचलणं गुन्हा आहे. आपल्याच हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळं आहेत, कोस्टल रोडच्या कामात ती उचलून दुसरीकडे लावावी लागली होती. टाकीसाठी लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून काढलेला जीव वसलेला दगडही, घेऊ नका, बनवलेला कोरडा दगड घ्या, काही महिन्यांत तोही जिवंत होतो. प्रवाळ नसल्यामुळे दिवा फक्त माशांसाठी लावायची मोकळीक तुम्हाला आहे, आणि ज्यांच्याकडे प्रवाळ आहे त्यांना ती नसते.

यलो टँग नको. पांढऱ्या उजेडात, काळ्या पडद्यासमोर तो लिंबासारखा पिवळा दिसेल हे खरं, पण तो दिवसभर पोहणारा मासा आहे, आठ इंचांपर्यंत वाढतो, आणि तीन फुटांत वळता वळता त्याचा दिवस जाईल. सहा फुटांची टाकी झाली की विचारा. पिवळा हवाच असेल तर तुमच्या टाकीला पिवळा वॉचमन गोबी चालेल. तो तळाशी, वाळूवर, पुढच्या काचेजवळ बसतो, म्हणजे नेमका तुमच्या नव्या उजेडात.